बाभळीचं नाव बदललं, सड्यावरच्या पालीचंही. मग ‘प्रजाती’ खरी की सोयीची?

कातळसडा

गावच्या जैवविविधता नोंदवहीसाठी यादी जुळवतोय आणि नावांचा पार गुंता झालाय. जुन्या सगळ्या पुस्तकांत बाभूळ म्हणजे ॲकेशिया निलोटिका, खैर म्हणजे ॲकेशिया कॅटेचू. नव्या याद्यांत बाभूळ व्हॅचेलिया झाली आणि खैर सेनेगालिया. पण बाहेरून आणून लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अजून ॲकेशियाच! कातळावर दगडांखाली सापडणारी छोटी पट्टेवाली पाल एका यादीत टेराटोलेपिस अल्बोफॅसिआटा, दुसरीत हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिआटस. बेडकांचं तर बोलायलाच नको, दर दोन-तीन वर्षांनी सह्याद्रीतून ढीगभर नवीन प्रजाती जाहीर होतात.

विचारायचं ते असं. ही नावं बदलण्यामागे काही शिस्त आहे की ज्याचा पेपर शेवटचा त्याचं खरं? डीएनएत पाच टक्के फरक पडला की नवी प्रजाती, असं ऐकलंय. तसा नियम आहे का? आणि मुळातली शंका: लिनियसच्या काळी प्रजाती म्हणजे देवाने घडवलेला, न बदलणारा साचा होता. डार्विनने तो साचा मोडला. उत्क्रांती जर सलग चालत असेल तर मध्येच रेघ मारून ‘इथवर ही, इथून पुढे ती’ म्हणणं ही आपलीच मनमानी नाही का?

---

द्विनाम

तुमच्या शंकेत तीन वेगवेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेत. आधी ते सुटे करा, निम्मा गुंता तिथेच सुटेल.

पहिला: हा जीवांचा गट बाकीच्यांपासून वेगळा पडलेला वंश आहे का? हा वस्तुस्थितीचा प्रश्न. पुरावा देऊन त्याचं उत्तर देता येतं आणि ते चूक ठरू शकतं. दुसरा: त्या वंशाला कोणती पायरी द्यायची, उपप्रजाती, प्रजाती की जीनस (जवळच्या प्रजातींचा गट; शास्त्रीय नावातला पहिला शब्द)? हा बऱ्याच अंशी संकेताचा. तिसरा: ते ठरल्यावर नाव कोणतं लागू होतं? हा निव्वळ नामकरणाच्या नियमांचा, त्यातल्या कलमांचा. त्यात जीवशास्त्र जवळपास नाहीच.

तुमची पाल घ्या. ग्रँडिसन आणि सोमण यांनी १९६३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या डोर्ल्याहून तिचं वर्णन केलं आणि तिला टेराटोलेपिस या जीनसमध्ये ठेवलं. त्या जीनसची ओळख म्हणजे पाठीवरचे मोठे, कौलांसारखे एकमेकांवर चढलेले खवले. २००८ साली डीएनएवरून वंशावळ काढली तेव्हा टेराटोलेपिसची फांदी भारतातल्या जमिनीवर राहणाऱ्या हेमिडॅक्टिलस पालींच्या ऐन मधून फुटलेली दिसली. म्हणजे काही हेमिडॅक्टिलस पाली इतर हेमिडॅक्टिलसपेक्षा टेराटोलेपिसला जवळच्या. मग टेराटोलेपिस वेगळी ठेवली तर हेमिडॅक्टिलस हा गट ‘एका पूर्वजाचे सगळे वंशज, वजा आम्हाला वेगळे दिसले ते’ असा उरतो. विली हेन्निग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १९५० साली जर्मनमध्ये आणि १९६६ पासून इंग्रजीतून जो आग्रह धरला तो नेमका याविरुद्ध: गटात पूर्वजाचे सगळे वंशज आले पाहिजेत, एकही वगळायचा नाही. आज बहुतेक वर्गीकरण याच पायावर चालतं. म्हणून टेराटोलेपिस बुडाली.

आता कलमं पाहा. लेपिस हा शब्द ग्रीकमध्ये स्त्रीलिंगी, म्हणून आधी अल्बोफॅसिआटा. डॅक्टिलस पुल्लिंगी, म्हणून अल्बोफॅसिआटस. विशेषण जीनसच्या लिंगाप्रमाणे फिरतं, एवढंच. पण तिच्या सिंधमधल्या बहिणीची, टेराटोलेपिस फॅसिआटाची, पंचाईत झाली. तिला हेमिडॅक्टिलसमध्ये आणलं तर ती हेमिडॅक्टिलस फॅसिआटस व्हायला हवी, आणि ते नाव ग्रेने १८४२ मध्येच आफ्रिकेतल्या एका पालीला देऊन ठेवलेलं. एका जीनसमध्ये एकच नाव दोघांना चालत नाही, आधीच्याचा हक्क पहिला. म्हणून सिंधवालीला हेमिडॅक्टिलस इम्ब्रिकॅटस हे नवं नाव मिळालं. पाल तीच, खवले तेच.

बाभळीची गोष्ट याहून चमत्कारिक. लिनियसने १७५३ मध्ये तिला मिमोसा निलोटिका म्हटलं होतं, म्हणजे ‘मूळ नाव ॲकेशिया’ हेही खरं नाही. ॲकेशिया या जीनसचा टाइप, म्हणजे ज्या खुंटाला ते नाव बांधलेलं असतं ती प्रजाती, होती आपली बाभूळच. पुढे हा प्रचंड जीनस एका वंशाचा नाही, तो निदान पाच ठिकाणी फोडावा लागेल, हे स्पष्ट झालं. नियमाप्रमाणे ॲकेशिया हे नाव बाभळीकडे राहायचं आणि ऑस्ट्रेलियातल्या हजारभर प्रजातींनी नाव बदलायचं. ऑस्ट्रेलियाच्या बाजूने प्रस्ताव आला की खुंटच हलवा. २००५ मध्ये व्हिएन्नाच्या वनस्पतिशास्त्र परिषदेत विरोधात निम्म्याहून जास्त मतं पडली. पण समितीची शिफारस फेटाळायला ६० टक्के लागत होती, ती मिळाली नाहीत. २०११ मध्ये मेलबर्नला तोच निर्णय कायम झाला. जीनस फोडणं हा विज्ञानाचा निष्कर्ष होता; नाव कोणाकडे जावं हा मतदानाचा. तुम्ही दोन्ही एकाच पारड्यात टाकलेत म्हणून मनमानी वाटते.

प्राण्यांच्या बाजूने उलटं उदाहरण आहे. फळमाशी ड्रोसोफिला मेलॅनोगॅस्टर हिच्यासाठी असाच खुंट हलवण्याचा अर्ज प्राणिनामकरण आयोगाकडे गेला होता. २०१० मध्ये आयोगाने तो फेटाळला.

---

मुठाकाठ

पाच टक्क्यांबद्दल. असा नियम नाही. प्राणिनामकरणाच्या संहितेत डीएनए टक्केवारीचा उल्लेखसुद्धा नाही. संहितेला लागतं ते असं: रीतसर प्रकाशित लेख, वेगळेपण सांगणारं शब्दांतलं वर्णन, आणि १९९९ नंतरच्या नावांसाठी नेमून दिलेला टाइप नमुना, म्हणजे ज्याला ते नाव कायमचं बांधलेलं असतं तो जपून ठेवलेला प्राणी. एवढं पूर्ण झालं की नाव ‘उपलब्ध’ झालं. त्यामागची प्रजाती खरोखर वेगळी आहे की नाही याबद्दल संहिता बोलतच नाही. वाईट पेपरातलंही नाव अधिकृत असू शकतं आणि पुढची शंभर वर्षं सगळ्यांना निस्तरावं लागतं.

टक्केवारी आली ती बारकोडिंगमधून, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या तुकड्यावरून प्रजाती ओळखण्याच्या पद्धतीतून. २००३ पासून प्राण्यांसाठी मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीतलं ऊर्जाकेंद्र, त्याला स्वतःचा वेगळा डीएनए असतो) सीओआय जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वापरायची पद्धत रुळली. बेडकांत १६एस जनुकावर ३ टक्के किंवा ५ टक्के असे आकडे सुचवले गेले, पण ‘इथे नीट बघा’ अशी खूण म्हणून. आकडा जनुकागणिक बदलतो, गटागणिक बदलतो. पालींच्या अभ्यासात एनडी२ हे जनुक जास्त वापरतात आणि ते १६एसपेक्षा भराभर बदलतं. त्यामुळे १६एसचा ३ आणि एनडी२चा ३ एकाच रांगेत बसवताच येत नाहीत.

नुसत्या आकड्यावर विसंबलं की कुठे फसतं ते सांगतो.

मायटोकॉन्ड्रिया फक्त आईकडून येतो. तो एकच दुवा सांगतो, अख्ख्या जीनोमचा इतिहास नाही. अलास्काजवळच्या काही बेटांवरच्या तपकिरी अस्वलांचा मायटोकॉन्ड्रियल डीएनए बाकीच्या तपकिरी अस्वलांपेक्षा ध्रुवीय अस्वलांना जवळचा निघतो. कारण पूर्वी झालेला संकर. त्यावरून कोणी त्यांना ध्रुवीय अस्वल म्हणत नाही. व्हिक्टोरिया सरोवरातल्या सिक्लिड माशांच्या शेकडो प्रजाती अवघ्या १५ हजार वर्षांच्या आसपास वेगळ्या झाल्या. त्यांच्यात बारकोड चालतच नाही, फरक साठायला वेळच मिळालेला नाही. उलट बाजूला, कमी हिंडणाऱ्या पालींत किंवा ओढ्याच्या बेडकांत दोन डोंगरांमध्ये टक्केवारी फुगलेली असते आणि तरी मधल्या डोंगरावर दोघांचा संकर सुखाने नांदत असू शकतो.

यातून सह्याद्रीतली नेहमीची चूक निघते: नमुने विरळ घेणं. एक आंबोलीचा, एक महाबळेश्वरचा. मधलं काही नाही. अंतर वाढेल तसा फरक हळूहळू वाढतच जातो, पण मधलं गाळलं की तो एकदम उडी मारल्यासारखा दिसतो. संगणकी पद्धतीही यातून वाचवत नाहीत. कोॲलेसन्ट मॉडेलवर (जनुकांच्या प्रती मागे जात कुठल्या पूर्वजात एकत्र येतात याचं गणित) चालणाऱ्या सीमांकन पद्धती लोकसंख्येची रचना पकडतात आणि तिलाच प्रजातींची सीमा म्हणून दाखवतात, हे २०१७ मध्ये सुकुमारन आणि नोल्स यांनी नेमकेपणाने मांडलं. म्हणून मधल्या जागेतले नमुने, निदान दोन-तीन केंद्रकीय जनुकं (पेशीच्या केंद्रकातली, आई-वडील दोघांकडून येणारी), आणि शरीररचना हे तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात का ते बघायचं.

शरीररचनेतही खाचा आहेत. हेमिडॅक्टिलस पालींत मांडीखालच्या छिद्रांची संख्या आणि दोन्ही मांड्यांमधली छिद्रं नसलेली जागा हे मोठं लक्षण, पण ती छिद्रं ठळक असतात नरांत. सगळे नमुने माद्यांचे असतील तर तुलना तिथेच अडली. शेपटी तुटून पुन्हा आलेली असेल तर तिच्यावरचे खवले मोजू नयेत, नव्या शेपटीचं नक्षीकाम वेगळं असतं. रंग जिवंतपणी टिपायचा, स्पिरिटमध्ये तो जातो. आणि क्रम महत्त्वाचा: ऊतीचा तुकडा आधी, शुद्ध अल्कोहोलमध्ये, मग नमुना फॉर्मेलिनमध्ये पक्का करायचा, मग ७० टक्के अल्कोहोलमध्ये कायमचा. फॉर्मेलिन आधी लागलं की डीएनए तुटतो, जखडतो, आणि पुढे त्यातून काही काढणं फार अवघड.

हे सगळं संशोधकांसाठी. नोंदवहीसाठी कोणीही वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय प्राणी गोळा करू नये. नवीन प्रजाती निघालीच तर २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नमुना नेमून दिलेल्या संस्थेत जमा करावा लागतो.

---

आडवाट

इतिहासाबद्दल थोडी दुरुस्ती. ‘डार्विनपूर्वी सगळे साचेवादी, नंतर सगळे शहाणे’ ही कथा विसाव्या शतकात जीवशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर, तत्त्वज्ञ डेव्हिड हल वगैरेंनी रंगवली आणि पाठ्यपुस्तकांत चिकटून बसली. अलीकडच्या इतिहासकारांना ती फारशी पटत नाही. इंग्लिश निसर्गअभ्यासक जॉन रे १६८६ मध्ये प्रजाती ओळखतो ती बियाण्यावरून: एकाच बीजातून जे उगवतं ते एक, मग दिसायला कितीही फरक असो. अठराव्या शतकातला फ्रेंच निसर्गअभ्यासक ब्यूफाँ संकराची संतती वांझ निघते का ते बघतो. या दोन्ही कसोट्या वंशाच्या आहेत, साच्याच्या नाहीत. खुद्द लिनियसचंही मन हललं होतं. उप्सालाजवळ लिनारिया या फुलझाडाचा एक विचित्र, पाचही बाजूंनी सारखा फुलणारा प्रकार सापडला. १७४४ मध्ये ‘पेलोरिया’ नावाने त्याची चर्चा झाली. पुढे संकरातून नव्या प्रजाती होत असाव्यात असं तो लिहायला लागला आणि ‘नवीन प्रजाती निर्माण होत नाहीत’ हे वाक्य त्याच्या ग्रंथाच्या उत्तर आवृत्तीतून गेलं.

डार्विनने प्रजाती हा शब्द सोयीसाठी दिलेला मानला, हे खरं. पण तो हे बोलतो ते प्रजाती आणि ठळक वाण यांच्यात पक्की भिंत नाही, या अर्थाने. त्यामागे १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं बार्नॅकलवर (खडकांना चिकटून राहणारे समुद्री कवचधारी जीव) काढलेली मेहनत होती. आणि हाच माणूस १८४२ मध्ये प्राण्यांच्या नामकरणाचे नियम करणाऱ्या स्ट्रिकलंड समितीवर होता. सीमा धूसर आहे म्हणून नावांत शिस्त नको, असं त्याने कधी मानलं नाही.

सीमा धूसर असणं म्हणजे दोन टोकं खोटी असणं नव्हे. हिवाळ्यात सह्याद्रीत उतरणारा ग्रीनिश वॉर्बलर बघा. उन्हाळ्यात तो तिबेटच्या पठाराभोवती कडं करून विणीला असतो. हिमालयातून पश्चिमेने वर जा, गाणं हळूहळू बदलतं; पूर्वेने वर जा, वेगळ्या दिशेने बदलतं. सायबेरियात दोन टोकं एकत्र येतात आणि एकमेकांशी जवळपास संकर करत नाहीत. टोकाला दोन प्रजाती, मधून मात्र साखळी. २०१४ मध्ये जीनोम तपासल्यावर ती साखळीही पूर्ण अखंड नसल्याचं दिसलं. त्या वर्तुळात काही जुन्या फटी आहेत. म्हणजे पाठ्यपुस्तकातलं लाडकं उदाहरणही दिसतं तितकं गुळगुळीत नाही.

मायरची १९४२ ची व्याख्या (आपसात प्रजनन करणारे आणि इतरांपासून प्रजननदृष्ट्या तुटलेले समूह) एकाच जागी उत्तम चालते. न्यू गिनीच्या आर्फाक डोंगरांत स्थानिक लोकांकडे पक्ष्यांची १३६ नावं होती, तिथे मायरने १३७ प्रजाती मोजल्या. ही जुळणी थक्क करणारीच, पण ती एका डोंगरावरची. दोन डोंगरांवर वेगळे राहणारे पक्षी भेटले असते तर जमले असते का, हे ती व्याख्या सांगू शकत नाही. आणि नरमादीच नसतील तिथे तर ती मुकीच. कुंडीच्या मातीत सापडणारा वाळा साप, इंडोटिफ्लॉप्स ब्रामिनस, याच्या सगळ्या माद्याच. नराशिवाय पिल्लं होतात. ‘आपसात प्रजनन’ कोणाचं धरायचं?

यावर मला सर्वांत पटणारं उत्तर गिसेलिन (१९७४) आणि त्यापाठोपाठ हल यांचं. त्यांचं म्हणणं, प्रजाती हा ‘सोनं’ किंवा ‘त्रिकोण’ यांच्यासारखा प्रकारच नाही. ती एक व्यक्ती आहे: काळात जन्मलेली, पसरलेली, फुटणारी, मरणारी. तिचं नाव विशेषनाम असतं. म्हणूनच पट्टे नसलेला वाघ वाघच राहतो आणि उद्या दुसऱ्या ग्रहावर हुबेहूब वाघ उत्क्रांत झाला तरी तो वाघ नसेल, कारण तो या वंशातला नाही. टाइप नमुना ‘नमुनेदार’ असण्याची गरज का नसते तेही यातून कळतं. डे केरोझ यांनी १९९८ नंतर याच वाटेने जाऊन सांगितलं की वेगळा चाललेला वंश ही प्रजाती. संकर न होणं, ठरलेला फरक दिसणं, वंशावळीत एकसंध गट होणं या त्याच्या खुणा, आणि त्या वेगवेगळ्या वेळी, कुठल्याही क्रमाने उगवतात. वेगवेगळ्या व्याख्यांची भांडणं बरीचशी ‘कोणती खूण आधी मागायची’ यावरची आहेत.

---

खडूफळा

आडवाट, पटलं, पण ‘फक्त वंश वेगळा पुरे’ म्हटलं की फुगवटा येतो हेही सांगा. ग्रोव्हज आणि ग्रब यांनी २०११ मध्ये गाय-हरिणांच्या बोव्हिडी कुळातल्या १४३ प्रजातींच्या २७९ केल्या. निसर्गात काहीही बदललं नव्हतं, फक्त व्याख्या बदलली. संवर्धनाच्या याद्या प्रजातीच्या एककावर चालतात, त्यामुळे हे कागदावरचं राहत नाही. प्रत्येक तुकडा आपोआप दुर्मीळ ठरतो.

---

मुठाकाठ

खडूफळा, खरं आहे, पण न फोडण्याचाही फटका असतो. साइक्सने १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून महसीरचं वर्णन केलं, आजचा टोर खुद्री. १९७० च्या दशकापासून लोणावळ्याच्या हॅचरीत त्याची बोटुकली तयार करून अनेक नद्यांत सोडली, कावेरीतही. कावेरीत स्वतःचा मोठ्या कुबडाचा महसीर होता, पण त्याला पक्कं शास्त्रीय नाव लावलेलं नव्हतं. नाव नाही म्हणून धोक्याच्या यादीत जागा नाही, आणि सगळे महसीर एकच समजून बाहेरचा मासा सोडणं चालूच. २०१८ मध्ये तो टोर रेमादेवीआय असल्याचं जुळवलं गेलं आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदला गेला.

---

कातळसडा

सगळ्यांचे आभार. आता व्यवहाराचं: नोंदवहीत लिहू काय? विशेषतः बेडकांच्या जुन्या नोंदींचं, जिथे एकाच नावाच्या आता पाच-सहा प्रजाती झाल्यात?

---

द्विनाम

स्थानिक नाव पहिल्या रकान्यात, ते कोणीही फोडत नाही. दुसऱ्यात जुन्या नोंदीत जसं होतं तसंच शास्त्रीय नाव, कर्ता आणि वर्षासकट, दुरुस्त न करता. तिसऱ्यात आजचं नाव आणि ते ज्या यादीतून घेतलं तिची तारीख. उद्या पुन्हा बदललं तर फक्त तिसरा रकाना बदलेल.

कर्त्याच्या नावाभोवतीचा कंस गाळू नका. टोर खुद्री (साइक्स, १८३९) यातल्या कंसाचा अर्थ, साइक्सने नाव दिलं तेव्हा जीनस वेगळा होता. त्याने बार्बस म्हटलं होतं. कंस नसेल तर प्रजाती पहिल्यापासून त्याच जीनसमध्ये आहे. वनस्पतींत कंसानंतर जीनस बदलणाऱ्याचंही नाव येतं, म्हणून बाभळीपुढे दोन्ही बाजूची नावं दिसतील.

बेडकांच्या जुन्या नोंदी नव्या नावांवर अंदाजाने ढकलू नका. निक्टिबॅट्रॅकस या सह्याद्रीतल्या बेडकांच्या जीनसमध्ये २०११ च्या एकाच पेपरात १२ नव्या प्रजाती आल्या; त्याआधीची नोंद फोटो किंवा नमुन्याशिवाय असेल तर ‘निक्टिबॅट्रॅकस, प्रजाती अनिश्चित’ इथेच थांबा. ‘आपल्या तालुक्यात हीच सापडते’ हे कारण पुरेसं नाही, कारण ती सीमाच अशा नोंदींवरून आखली जाते. अमुक प्रजातीसारखी दिसते पण खात्री नाही, तर नावाआधी ‘सीएफ.’, तिच्या जवळची पण वेगळी वाटते, तर ‘एएफएफ.’.

फोटोंचे क्रमांक नोंदीला जोडा. पालीसाठी पाठ, बोटांची खालची बाजू आणि मांडीखालची छिद्रं, तिन्ही हवेत, शेजारी पट्टी ठेवून. पाल काचेच्या बरणीत घेऊन खालून फोटो काढला की पोटाकडची बाजू मिळते, आणि तिला तिथेच, त्याच दगडाखाली सोडता येतं. बेडकासाठी आवाजाचं रेकॉर्डिंग फोटोपेक्षा कामाचं, तारीख, वेळ आणि तापमानासह. गार रात्री टकटक मंदावते, त्यामुळे तापमान नसलेल्या दोन रेकॉर्डिंगची तुलना करता येत नाही.

---

मुठाकाठ

आणि माशांच्या पानावर एक जादा रकाना ठेवा: मूळचा की सोडलेला. खुद्री सापडला तर नदीत कधी बोटुकली सोडली होती का ते मत्स्यव्यवसाय विभागाकडे आणि जुन्या भोयांकडे विचारून तिथेच लिहा.